नाव न घेता

चादरीची दोन टोकं माझ्या हातात होती आणि दोन तिच्या. आम्ही चादर ताणून एकदा झटकली, लांबीत दुमडली, आणि टोकाला टोक लावायला मी नेहमीसारखी तिच्याकडे चालत गेले. ती मात्र जागची हलली नाही. माझ्या हातातली टोकं घेताना, चादरीवर साबणाचा डाग राहिलाय असं सांगावं तितक्या सहज ती म्हणाली, "ताई, आजपासून माझ्यासाठी प्रार्थना करू नका." मी हसले. हसले हे मला नंतर आठवलं आणि अंगावर काटा आला. पण त्या क्षणी माझ्या चेहऱ्याला दुसरं काही सुचलंच नाही. "अगं, असं काय म्हणतेस?" मी म्हटलं. "पुढची चादर घ्या," ती म्हणाली.

इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या या कपड्यांच्या खोलीत आम्ही दोघी अकरा वर्षं काम करतोय. धुवून आलेलं सगळं माझ्या ताब्यात येतं, फाटलेलं तिच्याकडे जातं. खिडकीशी तिचं शिवणयंत्र आहे, दाराशी माझं टेबल. वरच्या मजल्यांवरची माणसं तिला शिवणबाई म्हणतात आणि मला चादरवाल्या ताई. रविवारी आम्ही एकाच मंडळीत, एकाच चर्चमधे, उपासनेला जातो. मी पुढून तिसऱ्या बाकावर बसते, ती मागे, दाराजवळ. मी हळू बोलणारी बाई. आयुष्यात माझा आवाज कुणावर चढलेला नाही, आणि याचा मला, आता खरं सांगायला हरकत नाही, पुष्कळ अभिमान होता. तेव्हा त्या दिवशीही मी हळूच विचारलं, "काय झालं?" तिनं चादर ताणली. मधे एवढं पांढरं कापड, पलीकडे तिचा चेहरा. म्हणाली, "काल संध्याकाळी ते लोक आले होते. मुलीच्या लग्नाची तारीख ठरवायला. चहा पुढे ठेवला. तर त्या मुलाची आई मला विचारते, तुमच्या मुलाच्या जहाजाचं नाव काय हो? मी सांगितलं. म्हणाली, आता कुठल्या बंदरात असेल? मी तेही सांगितलं. मग ती नुसती बघत राहिली माझ्याकडे. तशी कुणाकडे बघू नये, ताई. चहा तसाच ठेवून उठले सगळे. मुलगी आत केसांना क्लिप लावत होती, ती बाहेर आली तर खोलीत कुणी नाही." मी म्हटलं, "पण मी नाव घेतलं नव्हतं गं." हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या तत्परतेनं बाहेर पडलं की जणू ते कधीपासून तिथे तयार बसलं होतं. तिनं मान हलवली. "नाही घेतलंत. आपल्या मंडळीत किती जणींची मुलं समुद्रावर आहेत?"

एकीचाच. आणि तोही समुद्रावर नव्हता. तो गेली दोन वर्षं तुरुंगात होता, एका भांडणात कुणाला तरी कायमचं जायबंदी केलं म्हणून, आणि हे मंडळीत फक्त मला ठाऊक होतं. तिनंच सांगितलं होतं. डबा खाता खाता एकदम हात थांबला आणि तिनं भेटीचा कागद पर्समधून काढून माझ्यापुढे सरकवला. म्हणाली, "तेवढी त्याच्यासाठी प्रार्थना करा. तुमची ऐकली जाते." आणि मी केली. पहाटे उठून, कुणाशी एक शब्द बोलायच्या आधी गुडघे टेकायचे आणि वहीतल्या प्रत्येक माणसासाठी प्रार्थना करायची, हा माझा तीस वर्षांचा नेम. तापातसुद्धा मोडला नाही. तिथे ती गोष्ट सुरक्षित होती. मग दोन आठवड्यांपूर्वीचा बुधवार आला, स्त्रियांच्या प्रार्थनासभेचा, आणि माझी पाळी होती. नाव घ्यायचं नाही एवढं मी पक्कं ठरवलं होतं. बसमधे बसल्या बसल्या वाक्य जुळत गेलं. आता ते मला लख्ख आठवलं, माझ्याच मऊ आवाजात, प्रत्येक थांब्यासकट: "प्रभो, जगाला वाटतं ते लेकरू लाटांवर आहे, पण तुला ठाऊक आहे की ते चार भिंतींत आहे. त्याच्या आईचे अश्रू तू मोजले आहेस." खोलीत बायकांनी श्वास आत घेतला होता. कुणीतरी "हो रे प्रभो" म्हणालं होतं. तो श्वास, तो हुंकार, मला वाटलं होतं की पवित्र आत्मा हलला. घरी जाताना मी हलकी हलकी झाले होते, जिना चढताना गुडघासुद्धा दुखला नव्हता. आणि ती? ती त्या बुधवारी आलीच नव्हती, मुलीला घेऊन पडद्याचं कापड बघायला गेली होती. मला ते बरं वाटलं होतं का? ती नाही म्हणूनच ते वाक्य मला बोलता आलं का? माझ्या हातातून चादरीचं टोक सुटलं. ते फरशीला लागलं, आता ती चादर परत धुवायला जाणार.

दिवसभर मी काम केलं. हात आपले आपण चालत होते, उशांचे अभ्रे वेगळे, टॉवेल वेगळे. कानात मात्र यंत्राचा आवाज येत होता, ती टाचेनं दाबायची तेव्हा सुरू, सोडायची तेव्हा बंद, आणि बंद झालं की मला वाटायचं आता ती काहीतरी बोलेल. ती रागावली असती तर मला कसं वागायचं ते ठाऊक होतं. रागावलेल्या माणसांसमोर मी फार चांगली असते. येत्या रविवारी तिसऱ्यांदा माझं नाव वाचलं जाणार होतं. आमच्या मंडळीत कुणाला वडील, म्हणजे पाळकसाहेबांच्या जोडीला मंडळीचं बघणारं माणूस, नेमायचं असलं की तीन रविवार सूचना वाचतात: या व्यक्तीच्या आचरणाविषयी कुणाची हरकत असेल तर आताच सांगावं. मग पाळकसाहेब मनात दहापर्यंत आकडे मोजत असावेत इतकं थांबतात, आणि पुढे जातात. दोन रविवार ते थांबले होते, मी मान खाली घालून बसले होते, आणि त्या दहा आकड्यांत माझ्या मनात, देवा, फक्त एवढंच होतं की साडीचा पदर नीट आहे ना. मंडळीच्या इतिहासात पहिल्यांदा एक बाई वडील होणार होती. सहा महिने दर शनिवारी आम्ही तिघं उमेदवार पाळकसाहेबांच्या खोलीत शिकायला बसत होतो. वडीलपण म्हणजे कारभार नव्हे, आधी स्वतःचं माणूस घडवणं, असं ते सांगायचे. "पदाची खुर्ची कुणाला मोठं करत नाही, आहे तेवढंच उंचावर नेऊन दाखवते." हे वाक्य मी वहीत लिहून खाली रेघ मारली होती. शेवटी त्यांनी आत्मपरीक्षणाचा एक कागद दिला, चाळीस प्रश्न, समोर हो-नाहीचे चौकोन. त्यातला एक: दुसऱ्याची गोष्ट माझ्यापाशी सुरक्षित राहते का? तो कागद मी भरला कधी? मी टेबलाशी बसून वार मोजले. गुरुवारी. बुधवारच्या दुसऱ्या दिवशी. "हो"वर खूण करताना माझं पेन क्षणभरसुद्धा अडखळलं नव्हतं. खोटं लिहितेय हे कळलं असतं तर निदान पाप तरी झालं असतं, पापाची क्षमा मागता येते. मी खरं समजून लिहिलं होतं. मला त्याची भीती वाटली, घरात कुणी अनोळखी माणूस वर्षानुवर्षं राहून गेल्याचं आज कळल्यावर वाटावी तशी.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. नेमणुकीचं ठरल्यापासून तिची एकच थट्टा चालली होती. "काय म्हणतायत आमचे वडील?" ती म्हणाली, "बाबांना सांग, आता घरात दोन दोन वडील, आई कुणीच नाही." मी हसले नाही. मी विचारलं, "लहानपणी मी जेवायच्या आधी प्रार्थना करायचे, आठवतं का गं तुला?" "न आठवायला काय झालं? जेवण गार व्हायचं." "तसं नव्हे." "मग कसं? आई, तुला माझ्याबद्दल काय काय कळलंय हे मला तिथेच तर कळायचं. गणिताचा पेपर गादीखाली लपवला होता, तेव्हा तू मला विचारलं नाहीस, ओरडली नाहीस, थेट देवाला सांगितलंस. प्रभो, या घरात अंधारात ठेवलेलं उजेडात आण. मी आपली डोळे मिटून, हात जोडून. आता देवाशी बोलणाऱ्या बाईला उलट कोण बोलणार?" ती हसत होती. तिला ते कधीच मजेशीर झालं होतं. "मैत्रिणींच्या आया चपलेनं मारायच्या. मला त्यांचा काय हेवा वाटायचा!" मग तिचं बाळ रडलं आणि तिनं फोन ठेवला. मी फोन हातात धरून उभी राहिले. हे आतून ओरडले, "कुणाचा गं?" मी म्हटलं, "तिचा." एवढंच. कारण माझ्या डोळ्यांपुढे एकदम माझे स्वतःचे वडील उभे होते, टेबलाच्या टोकाला, दोन्ही तळवे टेबलावर टेकवून. तेही कधी ओरडले नाहीत. दिवसभरात कुणाकडून काय चुकलं ते रात्रीच्या जेवणाआधी वर जायचं, नाव न घेता. "प्रभो, या घरातल्या स्त्रीला काटकसर शिकव." घरात स्त्री एकच होती. आठेक वर्षांची असताना एकदा मी प्रार्थनेत डोळे उघडले. आई डोळे उघडे ठेवून वडिलांकडे बघत होती. राग नव्हता त्या बघण्यात, स्टेशनावरच्या घड्याळाकडे बघावं तसं बघणं होतं ते, अजून किती वेळ आहे. मी घाबरून पुन्हा डोळे मिटले. आईनं पाप केलं असं मला तेव्हा वाटलं, आणि तिच्यासाठी मी त्या रात्री प्रार्थना केली. आठ वर्षांची मी! म्हणजे सुरुवात तिथे. म्हणजे वहीतली तीस वर्षं, ज्यांच्यावर मी इतकी टेकून उभी होते, त्यातलं किती देवाशी होतं आणि किती कुणाकुणाच्या मिटलेल्या डोळ्यांशी? हे निवडून वेगळं करता येत नव्हतं.

शनिवारी सकाळी खोलीत पाऊल टाकल्याबरोबर मी तिला म्हटलं, "तू उद्या हरकत घे. सूचना त्यासाठीच असते." रात्रभर हे एवढंच मला सुचलं होतं आणि ते मला फार उदार वाटत होतं. तिनं सुईतला दोरा दातानं तोडला. "काय सांगू उभी राहून? माझा मुलगा तुरुंगात आहे हे यांनी सगळ्यांना सांगितलं, असं? म्हणजे ज्यांना अजून माहीत नाही त्यांनाही कळेल." मग यंत्राकडे बघतच, "तुमचं बरं असतं, ताई. तुम्ही चुकलात तरी बोलायचं मलाच." मी म्हटलं, "मी त्या मुलाच्या आईकडे जाते. तिचे पाय धरते." ती एकदम उठून उभी राहिली. इतक्या वर्षांत तिला मी असं उठताना पाहिलं नव्हतं. "कुठ्ठे जाऊ नका. हात जोडते तुम्हाला. कुणाशी बोलू नका, माझ्याबद्दल चांगलंसुद्धा बोलू नका." मग बसली आणि ठिगळ लावायला लागली. तिच्यासाठी मी करू शकेन असं काहीही उरलं नव्हतं, आणि काहीतरी करण्याखेरीज मला दुसरं काही येत नव्हतं. एवढंच कळत होतं की मंडळीच्या वडिलांच्या बाकावर मला बसता येणार नाही. वडिलांकडे माणसं येणार, दार लावून घेणार, हात थांबवून कागद पुढे सरकवणार.

दुपारी मी पाळकसाहेबांकडे गेले. लोखंडी कपाट, पंखा, टेबलावर काचेखाली ठेवलेले मंडळीचे जुने फोटो. मी म्हटलं, "माझं नाव मागे घ्या." ते मोठ्यानं हसले. भला माणूस आहे, हे मला आजही म्हणायचंय. "शेवटच्या आठवड्यात सगळ्यांचं असंच होतं. माझ्या दीक्षेच्या आदल्या दिवशी मला ताप भरला होता, आमचे सासरे म्हणाले, हा पळून जातोय बघा." मी म्हटलं, "मी लायक नाही." "तसं वाटणं हीच पहिली लायकी, बाई." तेव्हा मला कळलं की मी इथे काहीही बोलले तरी ते माझ्याच बाजूनं जमा होणार. त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. "काही घडलंय का? मला सांगा. या खोलीबाहेर जाणार नाही." आणि काय सांगू, माझं तोंड भरून आलं. भुकेल्या माणसाचं ताटाकडे बघून यावं तसं. सगळं वाक्य तयार होतं, त्याला चढ-उतार होते, मधे कुठे थांबायचं तेही ठरलेलं होतं. "एका बहिणीचं..." मी सुरुवात केली, आणि माझा आवाज मला ऐकू आला. तो बुधवारचा आवाज होता, मऊ, ओलसर. पाळकसाहेब पुढे झुकले होते आणि त्यांच्या चांगल्या, दमलेल्या डोळ्यांत तेच होतं, तोच आत घेतलेला श्वास. मी आता माझं पाप कबूल करणार होते आणि ते करताना तिला आणखी एकदा विकणार होते. पश्चात्तापसुद्धा तिच्याच अंगावरचं काढून पांघरणार होते. मी तोंड मिटलं. दात एकमेकांवर आपटल्याचा आवाज झाला. "काही नाही," मी म्हटलं. "बहिणीचं काय?" "काही नाही." त्यांनी खुर्ची परत मागे सारली. "मग मी उद्या वाचतो. कारणाशिवाय नाव खोडता येत नाही. कमिटीला मी काय सांगू?"

रविवारी हे माझ्या शेजारी बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद होता; बाहेर दोघातिघांशी हस्तांदोलन करून आले होते. मी मागे वळून पाहिलं नाही. गाणं झालं, वाचन झालं, आणि पाळकसाहेबांनी कागद काढला. तीन नावं. माझं शेवटचं. "यांच्या आचरणाविषयी कुणाची हरकत असेल तर..." आणि ते थांबले. एक. दोन. कुणीतरी खोकलं. पंखा फिरत होता. सहाव्या की सातव्या आकड्याला मी उभी राहिले. "हरकत आहे," मी म्हटलं. इतक्या हळू की पाळकसाहेबांनी कानामागे हात नेला. मी पुन्हा म्हटलं, आणि या वेळी तो आवाज भिंतीवर आपटून परत आला, आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्यानं बोलले होते आणि तो आवाज चिरका, कुरूप होता. "माझी हरकत आहे. तिसऱ्या नावाला." "बाई, तिसरं नाव तुमचं आहे." मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. "हो. माझ्याबद्दलच." "काय हरकत आहे?" तेव्हा मी मागे वळले, का कोण जाणे, आणि मला ती दिसली. दाराजवळच्या बाकावर, मुलगी बाजूला. तिनं डोळे गच्च मिटले होते आणि पुढच्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती. थप्पड येणार हे माहीत असलेलं माणूस मान जशी खांद्यांत घेतं, तशी ती बसली होती. तिला वाटत होतं मी आता सांगणार. अकरा वर्षं रोज माझ्यासमोर चादरीची टोकं धरून उभं राहिलेलं माणूस माझ्याकडून हे धरून चाललं होतं. "ते मी सांगणार नाही," मी म्हटलं. "मला नेमू नका. एवढंच." आणि खाली बसले.

कुजबुज झाली, बाकं करकरली. पाळकसाहेब गोंधळले, आणि गोंधळल्यावर आम्ही सगळे जे करतो तेच त्यांनी केलं. "आपण प्रार्थना करू." सगळ्यांनी डोळे मिटले. मी नाही मिटले. "प्रभो, आमच्या या बहिणीच्या अंतःकरणावर जे ओझं आहे ते तुला ठाऊक आहे," ते म्हणाले. "कदाचित तिच्या घरात काही असेल, कदाचित संसारात काही असं असेल की जे बाहेर बोलता येत नाही. त्या घराला शांती दे. घरातल्या प्रत्येकाला सुबुद्धी दे." माझ्या शेजारी ह्यांचे कान लाल व्हायला लागले. आधी पाळी, मग सगळा कान, मग मान, इस्त्रीच्या कॉलरपर्यंत. समोरच्या बाकावरून कुणीतरी "हो रे प्रभो" म्हणालं. हे डोळे मिटून, हात जोडून बसले होते, चाळीस वर्षं माझ्यासमोर बसत आले तसे, आणि उलट बोलू शकत नव्हते. यात त्यांचा काडीचा दोष नव्हता, आणि ते मी आता मंडळीत कुणालाही सांगू शकणार नव्हते, कारण मग लोक विचारणार, मग दोष कशात? माझा हात त्यांच्या गुडघ्याकडे गेला. त्यांनी गुडघा बाजूला घेतला.

बाहेर आल्यावर फाटकापर्यंत आम्हाला कुणी थांबवलं नाही. लोक वाट देत होते. हे दबक्या आवाजात म्हणाले, "मी काय केलं गं?" "तुम्ही काही नाही केलं." "मग सांग ना त्यांना! सगळी मंडळी आता माझ्याकडे अशी बघतेय की जशी काय मी तुला..." मी म्हटलं, "सांगता येणार नाही. तुम्हालासुद्धा नाही." ते थांबले. इतक्या वर्षांत आमच्यात असं काही नव्हतं; मला कळलेलं सगळं रात्री दिवा मालवायच्या आधी त्यांना कळायचं, कुणाची सून, कुणाचा आजार, कुणाचं काय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, परक्या बाईकडे बघावं तसं. तेवढ्यात ती मुलीला घेऊन आमच्या बाजूनं गेली. क्षणभर तिची पावलं मंदावली. "उद्या जरा लवकर या," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता, "ऑपरेशनच्या खोलीतले हिरवे कपडे पुष्कळ आलेत." आणि गेली. मुलीनं मागे वळून पाहिलं, तिनं नाही.

"ही रडत होती का आत?" ह्यांनी विचारलं. "प्रार्थना संपली तेव्हा डोळे पुसत होती. काय झालंय हिला?"

"ती बिचारी..." माझ्या जिभेवर आलं. दोनच शब्द, किती हळुवार, आणि त्यांच्यामागे रांग लावून बाकीचे सगळे. हे वाट बघत होते. त्यांचे कान अजून लाल होते.

"माझ्याबरोबर काम करते," मी म्हटलं.

"ते माहीत आहे मला. पुढे?"

"पुढे काही नाही."

ते झरझर चालायला लागले. मी त्यांच्या मागून.